पावसात कुठला मोड ठेवायचा? एम२ कॉम्पिटिशन, डीएससी आणि आंबोलीचा घाट

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात एक नाही तीन प्रश्न आहेत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. यांनी २०१९ ची बीएमडब्ल्यू एम२ कॉम्पिटिशन सेकंडहँड घेतली, १६ हजार किलोमीटर झालेली. गोव्याहून कोल्हापूरला परत येताना आंबोली चढत होते, पहिलाच पाऊस, एमडीएम चालू (गाडी सरकल्यावर सावरणारी सिस्टम जरा ढिली ठेवणारा मोड), वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरला पाय दिला आणि गाडीने मागून शेपूट मारली. पिवळा दिवा लुकलुकला, आणि मग पाय दाबलेला असूनही गाडी दोन सेकंद पुढे जाईना. आता त्यांना विचारायचंय की एक, हा बिघाड आहे का. दोन, स्पोर्ट प्लसमध्ये गाडी घट्ट वाटते तर पावसात तेच सेफ का. आणि तीन, मित्र म्हणतो सगळं बंद करून चालव, खरे ड्रायव्हर इलेक्ट्रॉनिक्सच्या भरवशावर नसतात, त्यात किती तथ्य.

माझं सांगायचं तर मी १९ वर्षं ब्रेक कंट्रोलच्या कॅलिब्रेशनमध्ये काढली, म्हणजे एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल नेमकं कधी जागं व्हायचं आणि किती जोरात धरायचं हे आकडे बसवायचं काम. निम्मे हिवाळे स्वीडनला आर्येप्लोगच्या गोठलेल्या तळ्यांवर गेले, उरलेलं आयुष्य इकडे ओल्या टेस्ट ट्रॅकवर. तुमच्याच गाडीचं कॅलिब्रेशन मी केलेलं नाही, पण आतलं गणित सगळ्यांचं एकाच जातीचं असतं.

आधी छोटी उत्तरं देऊन टाकतो म्हणजे जीव भांड्यात पडेल. बिघाड नाहीये, दिवा लुकलुकला म्हणजे सिस्टम काम करत होती. सतत पेटून राहिला तर एक तर ती तुम्ही बदललीय किंवा बंद केलीय, नाहीतर खरंच काहीतरी गेलंय. स्पोर्ट प्लस पावसात सेफ नाही, उलट आहे. आणि मित्राचं म्हणणं घाटात तरी ऐकू नका.

आता गोंधळाचं मूळ. आपण सगळ्यालाच "मोड" म्हणतो, पण गाडीत दोन वेगळ्या जातीची बटणं असतात. एक जात गाडीचा स्वभाव बदलते, म्हणजे पाय किती दिल्यावर इंजिन किती उसळेल, स्टिअरिंग किती जड लागेल, गिअर किती झटक्यात पडेल. दुसरी जात ठरवते की गाडी सरकायला लागल्यावर कॉम्प्युटरने किती वेळ गप्प बसायचं. डीएससी (बीएमडब्ल्यूचं स्टॅबिलिटी कंट्रोल), एमडीएम, डीएससी ऑफ ही या दुसऱ्या जातीतली. पुन्हा घोळ असा की कंपन्या या दोन्ही जाती कधी जोडतात कधी सोडतात. बीएमडब्ल्यूचीच एफ३० थ्री सिरीज घ्या, तिच्यात स्पोर्ट प्लस केलं की ट्रॅक्शनची ढील आपोआप मिळते, चालवणाऱ्याला पत्ताही नसतो. तुमच्या एम गाडीत मात्र इंजिनचं बटण वेगळं, स्टिअरिंगचं वेगळं, डीएससीचं वेगळं. फेरारीने २००४ मध्ये एफ४३० पासून स्टिअरिंगवर जी मानेत्तिनो नावाची चकती दिली तिच्यात सगळं एकत्र बांधलेलं आहे, एकेक घर फिरवलं की स्वभावही बदलतो आणि पहाराही ढिला होतो. त्यामुळे एका गाडीवरची सवय दुसऱ्या गाडीवर घेऊन जाऊ नये, "स्पोर्ट" या शब्दाला काही भारतीय मानक नाहीये.

आणि तुमच्या गाडीबद्दल एक गंमत. स्पोर्ट प्लसमध्ये घट्ट वाटते म्हणता ना, तर एम२ कॉम्पिटिशनला ॲडॅप्टिव्ह डॅम्पर, म्हणजे बटणाने कडक-मऊ होणारे शॉक ॲब्सॉर्बर, नाहीतच. सस्पेन्शन कुठल्याही बटणाने तसूभर बदलत नाही. तुम्हाला जे घट्ट वाटतंय ते जड झालेलं स्टिअरिंग आणि पायाखालची तडफ. टायर तेच, स्प्रिंग तेच, रस्ता तोच. मी हे अनेकांच्या बाबतीत बघितलंय, स्टिअरिंग जड झालं की माणसाला वाटतं पकड वाढली.

आता त्या वळणावर काय झालं ते बघू. तुमचं इंजिन ५५० न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि तो २३५० आरपीएमलाच पूर्ण येतो, टर्बो गाडी असल्याने वर जायची वाटच बघत नाही. दुसऱ्या गिअरमधून, डिफरन्शिअलमधून गुणाकार होऊन मागच्या दोन टायरवर मिळून तो साधारण साडेचौदा हजार न्यूटन ढकल बनतो. मागच्या ॲक्सलवर वजन धरा ८०० किलो. कोरड्या चांगल्या डांबरावर रस्ता आणि टायर मिळून जास्तीत जास्त आठ हजारांच्या आसपास न्यूटन झेलतील, वजन मागे गेल्यावर थोडे जास्त. ओल्या, तेलकट घाटात चार हजार. म्हणजे दुसऱ्या गिअरला इंजिन टायरच्या ऐपतीच्या साडेतीनपट देऊ शकतं, आणि हे सरळ रस्त्यावर. वळणात टायर आधीच बाजूचा जोर झेलत असतो. टायरकडे भाकरी एकच असते, वळणाने पाऊण खाल्ली तर पुढे ढकलायला चतकोरच उरते, आणि तुम्ही नेमका तेव्हा पाय दिलात. त्यात पहिला पाऊस, म्हणजे उन्हाळाभर साठलेलं ऑइल, धूळ आणि रबराची भुकटी वर तरंगत असते, दोन-चार मोठ्या सरी पडून रस्ता धुतला जाईपर्यंत तो भर जुलैपेक्षा वाईट असतो. टेस्ट ट्रॅकवर आम्हाला मुद्दाम निसरडा पट्टा हवा असला की गुळगुळीत बेसॉल्टच्या लाद्या बसवून त्यावर पाणी सोडतात. आपल्याकडच्या रस्त्यांची बरीचशी खडी बेसॉल्टचीच, हजारो ट्रक जाऊन घासलेली, त्यामुळे काही वळणांवर फुकटात टेस्ट ट्रॅक मिळतो.

तर चाकं फिरायला लागली. इथे दोन वेगळी खाती जागी होतात आणि हा फरक कळला की मोड आपोआप कळतात. ट्रॅक्शन कंट्रोल फक्त एवढंच बघतं की मागची चाकं पुढच्यांपेक्षा किती जास्त फिरतायत. थोडं जास्त फिरणं चांगलंच असतं, कोरड्यात दहा-पंधरा टक्के घसरणीला टायर सगळ्यात जास्त पकडतो, त्याच्यापुढे गेलं की पकड पडते. मग ते इंजिनचा दम कमी करतं, गरज पडली तर त्या चाकाला ब्रेकही लावतं. स्टॅबिलिटी कंट्रोल वेगळं काहीतरी बघतं. स्टिअरिंग किती वळवलंय आणि वेग किती यावरून ते हिशोब करतं की गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळायला हवी, आणि सेन्सर सांगतो की ती खरंच किती वळतेय. जास्त वळत असेल, म्हणजे शेपूट निघाली असेल, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावून नाक बाहेर ओढतं. कमी वळत असेल तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला. १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीजने हे पहिल्यांदा रस्त्यावर आणलं तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे, हार्डवेअर चपळ झालं एवढंच.

तुमच्याकडे आधी शेपूट निघाली आणि मग पॉवर गेली, कारण एमडीएम होतं. एमडीएमचा अर्थच असा की दोन्ही खात्यांनी जरा उशिरा ऑफिसला यायचं. चाकांना जास्त फिरू द्यायचं, गाडीला जास्त तिरकं होऊ द्यायचं, आणि मग हद्द ओलांडली की धरायचं. उशिरा धरल्यामुळे जोरात धरावं लागतं, म्हणून तुम्हाला दोन सेकंद इंजिन मेल्यासारखं वाटलं. पूर्ण डीएससीमध्ये असतात तर कदाचित दिव्याची एक चुटपुटती लुकलुक झाली असती आणि तुम्ही हा प्रश्नच विचारला नसता.

एमडीएम वाईट आहे असं नाही, ट्रॅकवर मला तो आवडतो. पण त्याला जागा लागते. समजा साडेचार मीटरची गाडी १० अंश तिरकी झाली, तर रस्त्याची पाऊण मीटर रुंदी जास्त खाते. ट्रॅकवर ती जागा असते, बाहेर मोकळा रनऑफ असतो. आंबोलीत एका बाजूला कठडा, समोरून वाळूचा डंपर किंवा लाल डबा. आणि ५० च्या वेगाला गाडी सेकंदाला १४ मीटर जाते, कॉम्प्युटर कितीही हुशार असला तरी ब्रेकचं प्रेशर चढायला सेकंदाचा काही अंश जातोच, तेवढ्यात तीनेक मीटर गेले.

आता कुठलंही ब्रोशर सांगत नाही तो भाग. ही सगळी खाती मिळून पकड एक ग्रॅमनेही वाढवत नाहीत, आहे ती वाटून देतात. उदाहरण घ्या, ४० मीटर त्रिज्येचं वळण, घाटात सर्रास असतं. ४० च्या वेगाला बाजूचा जोर ०.३१ जी (म्हणजे गाडीच्या वजनाच्या ०.३१ पट), ५० ला ०.४९, ६० ला ०.७१. ओल्या घासलेल्या डांबरावर पकड ०.५ च्या आसपास धरली तर ४० ला आरामात, ५० ला काठावर, ६० ला तुम्ही रस्त्यावर राहूच शकत नाही. इथे डीएससी असो, एमडीएम असो, नाहीतर देवाचं नाव असो, गाडी सरळ जाणार. फार तर ती तोंड पुढे ठेवून जाईल. ४० आणि ६० मधला फरक स्पीडोमीटरवर केवढासा दिसतो, पण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून सव्वादोन पट होतो. मी ट्रेनिंग द्यायचो तेव्हा लोकांना मोडबद्दल तास-तासभर प्रश्न असायचे आणि वेगाबद्दल एकही नसायचा.

मग पावसात काय ठेवायचं? मी तुमच्या जागी असतो तर डीएससी पूर्ण चालू, इंजिन एफिशियंटवर, ड्राइव्हलॉजिक (गिअर किती झटक्यात पडेल ते ठरवणारं बटण) सगळ्यात मऊ, आणि घाट चढताना दुसऱ्याऐवजी तिसरा गिअर. तिसऱ्यात तोच टॉर्क मागच्या टायरवर साडेनऊ-दहा हजार न्यूटनपर्यंतच पोचतो, शिवाय आरपीएम खाली असल्याने टर्बो हळू उठतो. एफिशियंट म्हटलं की लोक नाक मुरडतात, एवढी गाडी घेऊन मायलेज बघायचं का म्हणून, पण तिथे पेडल लांब होतं. स्पोर्ट प्लसला पायाचा अंगठा हलला की जेवढं मिळतं तेवढ्यासाठी इथे नीट पाय दाबावा लागतो, म्हणजे तुमच्या पायाला बारीक मोजमाप करता येतं. बऱ्याच कंपन्यांचा रेन किंवा वेट मोड आतून असाच असतो, पेडल मऊ आणि पहारा लवकर. पोर्शे ९११ च्या ९९२ पिढीत तर पुढच्या चाकांच्या कमानीत सेन्सर आहेत, ते पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज ऐकून सांगतात की वेट मोड लावा. लावायचा का नाही ते मात्र ड्रायव्हरवरच सोडलंय.

चढणीबद्दल इतकं बोललो, पण मला जास्त भीती उतरणीची वाटते. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना स्टिअरिंगमागच्या गिअरच्या पॅडलने एकदम दुसरा गिअर टाकलात, ड्राइव्हलॉजिक कडक असेल, तर इंजिन ब्रेकिंगचा सगळा झटका फक्त मागच्या चाकांवर येतो. गाडी रिअर व्हील ड्राइव्ह आहे, उतारावर मागे वजन आधीच कमी. टायर रस्त्यापेक्षा हळू फिरायला लागतो, म्हणजे हँडब्रेक किंचित ओढल्यासारखं. डीएससीच्या पोटात यावरही एक इलाज असतो, इंजिनला क्षणभर थोडा दम देऊन ते चाक परत रस्त्याच्या वेगाला आणतं, तुम्हाला कळतही नाही. डीएससी बंद करणाऱ्यांना हे माहीतच नसतं की त्यांनी हेही घालवलं असू शकतं, त्यांना वाटतं आपण पाय दिला नाही तर गाडी सरकणार कशी.

आता मित्राचं "खरे ड्रायव्हर". फॉर्म्युला वनमध्ये २००८ पासून ट्रॅक्शन कंट्रोलवर बंदी आहे हे खरंय. पण ती नियमाने घातलेली बंदी आहे, त्याआधी टीम आवडीने वापरायच्या. आजही जीटी३ रेसकारमध्ये स्टिअरिंगवर ट्रॅक्शन आणि एबीएस दोन्हींच्या चकत्या असतात, आणि पाऊस पडला की तिथले व्यावसायिक ड्रायव्हर त्या फिरवतात. लाज कुणाला वाटत नाही.

मी स्वतः एकदा शहाणपणा केलेला सांगतो. कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर, सकाळचं पहिलं सेशन, टायर थंड, रात्री पाऊस पडून गेलेला आणि ट्रॅक ठिपक्या ठिपक्यांनी वाळलेला. माझं रोजचं कामच हे, म्हणून बाहेर पडायच्या आधीच सगळं बंद केलं. तिसऱ्या वळणावर गाडी अशी फिरली की मी आलो त्या दिशेला तोंड करून गवतात उभा. पाय दिला म्हणून नाही, पाय काढला म्हणून फिरली. वळणात वेग जास्त वाटला, एकदम ॲक्सिलरेटर सोडला, वजन पुढे गेलं, मागचे टायर हलके झाले, संपलं. कुणी काही बोललं नाही पण चहाच्या टेबलावर सगळे माझ्याकडे बघून हसत होते.

हे सांगायचं कारण, नव्या एम गाड्यांत डीएससी ऑफ केल्यावर दहा पायऱ्यांचं एम ट्रॅक्शन कंट्रोल मिळतं आणि लोकांना वाटतं की बंद करूनही आपल्याला जाळी आहे. ती जाळी पाय दिल्यावर फिरणाऱ्या चाकांसाठी आहे. वळणात जास्त वेगाने घुसलात किंवा माझ्यासारखा पाय काढलात तर ती बघत बसते. तुमच्या एफ८७ मध्ये (हा तुमच्या एम२ चा कंपनीतला कोड) हा प्रकारच नाही, तिथे सरळ तीन पायऱ्या, डीएससीचं बटण टिचकीसारखं दाबलं की एमडीएम, तीनेक सेकंद दाबून धरलं की पूर्ण बंद. एबीएस तेव्हाही चालू असतं, आणि मागच्या दोन चाकांत टॉर्क वाटून देणारं ॲक्टिव्ह एम डिफरन्शिअलही आपलं काम करतंच.

आता जे मला इथून सांगता येणार नाही ते. पकड ०.५ धरली, ती तुमची ०.६५ असू शकते किंवा ०.४, आणि हे सगळ्यात जास्त टायरवर ठरतं. २०१९ ची गाडी आणि फक्त १६ हजार किलोमीटर, म्हणजे मला दाट शंका आहे की टायर कंपनीतून आलेलेच असतील. आपल्याकडे अशा गाड्या कव्हर घालून उभ्या असतात, नक्षी भरपूर शिल्लक दिसते आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. टायरच्या भिंतीवर डीओटीच्या ओळीच्या शेवटी चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३११९ असेल तर २०१९ चा एकतिसावा आठवडा. तसं निघालं तर बाकीचं सगळं सोडा आणि आधी चारही बदला. मागचे दोनच बदलायचा मोह होईल, महाग आहेत, पण निदान तोच ब्रँड आणि कंपनीने दिलेलीच मापं घ्या, पुढे २४५/३५ आर१९, मागे २६५/३५ आर१९. मी एका गाडीचा "विनाकारण डीएससी मध्ये येतो" हा आजार दोन दिवस सेन्सरमध्ये शोधला होता, शेवटी निघालं की मालकाने मागे वेगळ्या मापाचे टायर घातले होते. चाकाचा घेर बदलला की कॉम्प्युटरला वाटतं मागचं चाक कायमच थोडं घसरतंय.

तुमचा पाय किती तयार आहे यावरही बरंच अवलंबून आहे आणि तेही मला दिसत नाही. शिकायचं असेल तर क्रम असा ठेवा: ट्रॅक डेला पूर्ण डीएससीवर जा आणि दिवा कुठल्या कुठल्या वळणावर लुकलुकतो ते लक्षात ठेवा. दर वेळी तो दिवा म्हणजे तुमच्या पायाची किंवा स्टिअरिंगची एक घाई. वेग न कमी करता दिवा शांत व्हायला लागला की एमडीएम लावा. बहुतेकांना यालाच दोन-तीन ट्रॅक डे लागतात आणि त्यात काही कमीपणा नाही. डीएससी चालू ठेवून दिवसभर जोरात चालवलंत तर संध्याकाळी ब्रेक पॅड नीट बघा, सिस्टम तुमच्या नकळत एकेक चाक धरत असते आणि ते सगळं तापतं. पूर्ण बंद करून शिकायचं असेल तर एखादं मोठं ओलं मोकळं स्किडपॅड शोधा, तिथे ३० च्या वेगाला गाडी फिरते, सावरायला शिकता येतं आणि आपटायला काही नसतं. विकेंडला सकाळी सहा वाजता घाट "रिकामा" असतो असं सांगणारे खूप भेटतील, दूधवाला त्याच वेळेला येतो.

शेवटी एक राहिलं, आणि सेकंडहँड गाडी असल्यामुळे हे आजच करा. स्टिअरिंगवर एम१ आणि एम२ अशी दोन बटणं आहेत (एम२ गाडीत एम२ बटण, नाव ठेवणाऱ्याला नमस्कार). त्यांच्यावर आधीच्या मालकाने स्वतःचं सेटिंग सेव्ह केलेलं असतं, आणि त्यात डीएससी कुठल्या पायरीवर आहे हेही येतं. गाडी बंद करून चालू केली की डीएससी आपोआप पूर्ण चालू होतं, पण ते बटण दाबलं की परत त्या माणसाची आवड लागू. तुम्ही लिहिलंय की "एमडीएम चालू होतं", पण ते तुम्ही मुद्दाम लावलं होतं का स्पोर्टसाठी म्हणून एम१ दाबलंत आणि सोबत एमडीएम आलं? गाडी अंगणात उभी असताना दोन्ही बटणं दाबून स्क्रीनवर काय येतं ते वाचा, आणि एम१ वर पावसाचं सेटिंग सेव्ह करून टाका: एफिशियंट, स्टिअरिंग कम्फर्ट, ड्राइव्हलॉजिक एक, डीएससी ऑन. एम२ वर काय निघालं ते आणि टायरचे चार आकडे कळवा, मग पुढचं बोलू.